सातवीच्या पुढे

"कुठं लिवलंय?"

हे विचारताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आमच्या खिडकीच्या फळीवर टेकलेली असायची. आवाज चढलेला नसायचा, कपाळावर आठी नसायची. उत्तर मिळेपर्यंत ती बोटं मात्र तिथून हलायची नाहीत.

तुमच्यापैकी ज्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून नोकरी केली असेल, त्यांना या प्रश्नाची धास्ती कळेल. खिडकीबाहेरची माणसं साधारण तीन प्रकारची. विनवणारी, ओरडणारी आणि वरच्यांची ओळख सांगणारी. या तिघांना कसं वाटेला लावायचं हे कारकून पहिल्या दोन वर्षांत शिकतो. ही कुठल्याच प्रकारात बसेना.

मी पेणच्या एका कॉलेजात प्रवेश विभागात होतो. घर रोह्याला, रोजची ये-जा. त्या दिवशी अकरावीच्या प्रवेशाची गर्दी होती. पोरांच्या रांगेत एक बाई उभी होती. काठ नसलेली पांढरी साडी, पायात नव्या कोऱ्या चपला, आणि चालणं असं की चपलांची सवय अजून व्हायची आहे. तिनं दहावीचं मार्कशीट पुढे सरकवलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देऊन, एकसष्ट टक्के.

"मुलगी कुठाय?" मी विचारलं.

"मीच हाय."

"वय?"

"सव्वीस."

"अकरावी सायन्सला सव्वीस वय चालत नाही, बाई."

दोन बोटं फळीवर टेकली. "कुठं लिवलंय?"

"नियमात आहे."

"मग दाखवा ना, भाऊसाहेब. मी थांबते."

आणि ती थांबली. मी परिपत्रकांची फाईल काढली. उभी वाचली, आडवी वाचली. जेवणाची सुट्टी झाली, डबा खाल्ला, परत वाचली. ती तिथंच. दुपारी अडीच वाजता मी फाईल मिटली.

"गावलं?"

"नाही."

"मग?"

"मग काय, फॉर्म भरा."

तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी घरी जाताना गाडीत मला चैन पडेना. अठरा वर्षं मी ते वाक्य लोकांना ऐकवत होतो. माझ्या आधीच्या कारकुनानं मला ते सांगितलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं सांगितलं असणार. कागदावर ते कुठंही नव्हतं. कितीतरी मोठ्या वयाच्या बाया, कितीतरी कामगार पुरुष त्या वाक्यावर मान खाली घालून परत गेले होते. एकानंही मला दाखवा म्हटलं नव्हतं.

फॉर्मवर पालकांच्या सहीचा रकाना होता. तिथं तिनं आपलीच सही केली. मी भुवया उंचावल्या तर म्हणाली, "माझी पालक मीच. सव्वीस वर्षांची हाय ना? आताच तुमी बोल्लात."

ती कुठली हे हळूहळू कळलं. खांब गावाच्या आत, महामार्ग सोडून डोंगराकडे गेलं की एक वस्ती लागते. बाहेरचे लोक त्यांना कंदीलवाले म्हणतात. तीन पिढ्यांमागे कुणा एका बाबांच्या शब्दावर वेगवेगळ्या गावांतली घरं तिथं येऊन राहिली. तिथं वीज घेत नाहीत, फोटो काढत नाहीत, मूर्ती पुजत नाहीत, बाहेरचं औषध घेत नाहीत. मुलांना शेजारच्या गावातल्या शाळेत सातवीपर्यंत पाठवतात, कारण बाबा स्वतः तेवढंच शिकले होते. सातवीच्या पुढे पाय टाकायचा नाही. दोन्ही वेळेला सगळे एका पंगतीत पानावर जेवतात, आणि जो वस्ती सोडून जाईल त्याचं पान उचलतात. पान उचललं म्हणजे त्या माणसाशी आईनंसुद्धा बोलायचं नाही.

लोकांना वाटे, ही पळून आली. तसं कुणी म्हटलं की ती लगेच दुरुस्त करी. "पळून नाय, चालत आले." ते खरंच होतं. भर दुपारी, पंगत उठल्यावर, सगळ्यांच्या देखत बापाच्या पाया पडून ती निघाली होती. हातात शाळेचा दाखला. मोटारीत बसायची सवय नव्हती म्हणून महामार्गाच्या कडेकडेनं पायी पेणला पोचली. दीड दिवस लागला. वाटेत एका टपरीवाल्यानं विचारलं, कुठल्या देवाला चाललात? ती म्हणाली, दहावीला.

पेणमध्ये तिला गणपतीच्या कारखान्यात काम मिळालं. मूर्तीला पॉलिशपेपर मारायचा, खडबडीत अंग गुळगुळीत करायचं. जिच्या घरात मूर्तीकडे बघणंसुद्धा पाप, तिनं दिवसाला पंधरा-वीस गणपतींच्या पोटावरून हात फिरवायचा! मी विचारलं होतं एकदा, कसं वाटलं म्हणून.

"पयल्या दिवशी वाटलं, हात जळंल," ती म्हणाली. "नाय जळला. दुसऱ्या दिवसापासून कायच वाटलं नाय."

कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला मागची खोली राहायला दिली. सकाळी कॉलेज, दुपारपासून काम. अंगावर सदैव मातीची पांढरी पूड. केसांतही. सोळा वर्षांची पोरं तिला आधी काकू म्हणत. मग प्रयोगशाळेत एका पोराच्या हातून आम्ल सांडलं. सगळे मागे सरकले आणि हिनं पुढे होऊन त्याचा हात नळाखाली धरला, ओरडत होता तरी दहा मिनिटं सोडला नाही. त्या दिवसापासून ती ताई झाली.

फिजिक्सच्या सरांना तिनं फार छळलं. वर्गातली सगळी पोरं बटण दाबून दिवा लावत मोठी झालेली, त्यामुळे त्यांना काही प्रश्नच पडत नसत. हिनं विजेचा दिवा जवळून पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी.

"सर, बटन दाबायच्या आधी वीज कुठं असते?"

सर सांगू लागले. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे तारेत पयल्यापासूनच हाय. फकस्त वाट नाय."

सर दुपारी ऑफिसात चहाला आले तेव्हा म्हणाले, "भाऊसाहेब, वीस वर्षं शिकवतोय, पण आज मला स्वतःला नीट समजलं."

एका पोरानं एकदा मागच्या बाकावरून तिला 'कंदीलवाली' म्हणून चिडवलं. ती वळली. "तुमच्या घरी पूर आला तेव्हा घरातला चिखल कोनी काढला? त्याच कंदीलवाल्यांनी. बिनबोलावता. त्यांच्याशी माझं भांडान हाय. तुझं काय हाय?"

हा तिचा स्वभाव मला कळायला वेळ लागला. वस्तीच्या विरुद्ध बोलायचा हक्क फक्त तिचा होता. महिला दिनाला एका संस्थेनं तिचा सत्कार ठरवला. पत्रिकेत छापलं होतं, 'अंधारातून प्रकाशाकडे'. ती पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. "भाऊसाहेब, हे काय लिवलंय? माझ्या आईच्या घरात अंधार नव्हता. कंदील होता." सत्काराला ती गेली नाही. शाल-श्रीफळ खोलीवर आलं, तेही परत.

भाषेबद्दलही तसंच. मराठीच्या बाईंनी प्रेमानंच सुचवलं, जरा शुद्ध बोलायला शीक, पुढे मुलाखती असतात. ती म्हणाली, "पेपर शुद्धात लिवते ना, बाई? तोंड ऱ्हाऊ द्या माझं."

हॉल तिकिटासाठी फोटो लागतो. तिनं आयुष्यात स्वतःचा फोटो बघितला नव्हता. दहावीच्या वेळी काढला असणार, म्हणून मी विचारलं. तेव्हा म्हणे मालकीणबाईंनी परस्पर चिकटवून दिला, हिनं बघितलाच नाही. या वेळी मी तिला स्टुडिओत पाठवलं. परत आली ती पाकीट पालथं धरून. ते तिनं माझ्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी फोटो काढून फॉर्मला लावला. चांगला आला होता, तसं म्हणालोही. ती बाहेरच बघत राहिली. तिला फोटोचं पाप वाटत असेल, असं मी समजलो. ते तसं नव्हतं, हे पुढच्याच महिन्यात कळलं.

त्या महिन्यात वस्तीतून दोघं आले. पांढरं धोतर, पांढरी बंडी, अनवाणी, छातीपर्यंत दाढी. खिडकीशी न थांबता सरळ आत आले आणि हात जोडून उभे राहिले. त्यांतले मोठे तिचे सख्खे चुलते.

"भाऊसाहेब, आमची एक पोर तुमच्या वहीत हाय. तिचं नाव काडा."

"असं नाव काढता येत नाही. विद्यार्थ्यानं स्वतः अर्ज द्यावा लागतो."

"मग बोलवा तिला."

शिपायानं तिला वर्गातून बोलावून आणलं. खांद्याला पिशवी, हाताला शाई. ती दारात थांबली. तोवर ते दोघं बाकावर खालमानेनं बसले होते. बोलायला बंदी होती, पण त्या दिवसापुरती पंचांनी काकांना सूट दिली होती.

"चल गो घरी," काका म्हणाले. राग नव्हता आवाजात, दमलेले वाटले. "चार लोकांत चुकलं म्हन. संध्याकाळी तुझं पान मांडतो."

"काय चुकलं?"

"बाबांनी घालून दिलेली वाट सोडलीस."

"सोडली नाय, काका. तीच वाट पुढं हायवेला लागते. मी सरळ चालत ऱ्हायले."

दुसऱ्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. काकांनी जोडलेले हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "तुझ्या मोठ्या बहिणीचं दुक आमाला नाय काय? तिच्यासाठी तू हे करतेस, समजतंय मला. पर तिच्या कपाळी तेवढंच लिवलं होतं."

ऑफिसात टायपिंग थांबलं. ती पुढे आली. काकांच्या समोरच्या टेबलावर दोन बोटं टेकवली.

"कुठं लिवलंय, काका? मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सकाळपासून दुपारपर्यंत. पोटात पोर, आणि झटक्यावर झटके. तुमी सगळे पंचांना विचारायला गेलात, गाडीत घालू काय म्हनून. तिचं कपाळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. घाम होता त्याच्यावर. लिवलेलं कायच नव्हतं."

काका उठले. जाताना बाकावर त्यांनी वालाच्या शेंगांची एक पुरचुंडी ठेवली, तिच्याकडे न बघता. ते गेल्यावर मी ती तिच्यापुढे केली.

"तुमी घेऊन जा," ती म्हणाली. "मला द्यायच्या असतील तर तोंडानं बोलून देतील."

मग पिशवीतून तिनं स्टुडिओतलं पाकीट काढलं आणि त्यातला उरलेला एक फोटो माझ्यासमोर धरला. "त्या दिवशी तुमी म्हनालात ना, चांगला आलाय. हा माझा नाय वाटत मला. ही मोठीच हाय. हुबेहूब. तिचा फोटो नाय निघाला कधी."

त्या दिवसानंतर मी तिला काही शिकवण्याच्या फंदात पडलो नाही. एक अपवाद सोडून. बारावीत ती फिजिक्समध्ये नापास झाली. निकाल हातात घेऊन खिडकीशी आली. मी तयारीत होतो, म्हटलं आता रडेल.

"किती वेळा बसता येतं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आधी नियमाची फाईल काढली, वाचली, मग उत्तर दिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं ते तेव्हा. "सुधारलात, भाऊसाहेब."

तेव्हा मी म्हणालो होतो की नर्सचा दोन वर्षांचा साधा कोर्स असतो, त्याला फिजिक्स लागत नाही, लगेच नोकरी लागेल. पदवीचा हट्ट कशाला?

"नोकरी लागंल, खरं हाय," ती म्हणाली. "पर मला का म्हनून शिकायचं हाय. झटके का येतात. आधी कळतं काय. कळतं तर किती आधी. सगळं. अर्धं शिकून मी परत कुनाच्या तरी तोंडाकडंच बघनार."

पुढच्या वर्षी ती पास झाली. मग प्रवेश परीक्षा, मग पनवेलच्या पलीकडच्या एका कॉलेजात नर्सिंगची चार वर्षांची पदवी. वर्गात सगळ्यात मोठी, इंग्रजीत सगळ्यात कच्ची. तिसऱ्या वर्षात असताना तिचे वडील गेले. निरोप मिळाला आठव्या दिवशी, तोही कोलाडच्या बाजारात बसणाऱ्या एका भाजीवालीकडून, कुणाकुणाच्या तोंडून. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. तिनं दिला. मला फोनवर एवढंच म्हणाली, "मी निघाले तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले नव्हते. तेवढं पुरे."

पदवी झाली आणि तिला नेमणूक मिळाली ती खांबच्या बाजूच्या आरोग्य उपकेंद्रात. मिळाली म्हणजे तिनं मागून घेतली. कंत्राटी जागा, दोन खोल्या, एक टेबल, एक तपासणीचा पलंग. वस्ती तिथून तासाभराच्या चालीवर. वस्तीतलं कुणी कधी आलं नाही. बाजाराला जाणाऱ्या बाया उपकेंद्रासमोरून जाताना पदर ओढून रस्त्याची दुसरी कड धरायच्या. ती दार उघडं टाकून समोर बसायची.

मी तोवर निवृत्त झालो होतो. रक्तदाबाच्या गोळ्या मला रोह्यातही मिळाल्या असत्या, पण मी दर मंगळवारी सहा आसनी रिक्षात बसून तिच्याकडे जायचो. ती रक्तदाब बघायची आणि मीठ कमी करा म्हणून दम भरायची. अशाच एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी बाकावर बसलो असताना दोन बाया आत आल्या. काठ नसलेली पांढरी लुगडी. एक साठीची, एक तरुण, दिवस भरत आलेली. पाय इतके सुजलेले की बोटं दिसत नव्हती.

ती खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच थांबली. तिची आई आणि धाकटी बहीण. दहा वर्षांहून जास्त काळानं.

दोघी माझ्या शेजारी बाकावर बसल्या. आई माझ्याकडे वळली. "दादा, त्यांना सांगा, पोरीचं डोकं दुखतंय. तीन दिस झाले."

'त्या' समोर दोन हातांवर बसल्या होत्या. मी बघतच राहिलो. मग तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "भाऊसाहेब, त्यांना विचारा, डोळ्यांपुढं काजवे येतात काय?"

"काजवे येतात का?" मी विचारलं.

"त्यांना सांगा, येतात."

"विचारा, पोटात वरच्या बाजूला दुखतं काय?"

मग पुढचे प्रश्न आले. लघवी कितीदा, पोटातलं मूल हलतं का, अंगावरून काही जातं का. साठीला टेकलेला पुरुष मी, कानशिलं तापली माझी. पण एकेक प्रश्न समोरून शेजारी आणि एकेक उत्तर शेजारून समोर पोचवत राहिलो. बोलण्यावर बंदी होती. हात लावण्याबद्दल पंचांनी काही ठरवलं नसावं. तिनं बहिणीच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब घेतला, परत घेतला. लघवी तपासली. धाकटी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "रक्तदाब एकशे सत्तर हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेली नाय तर झटके येतील. मोठीला आले तसेच."

आईनं लुगड्याचा पदर मुठीत धरला. "दादा, त्यांना सांगा, पंचांना विचारल्याबिगर नाय नेता येनार. आमी इथं आलोय तेच कुनाला ठाव नाय."

"त्यांना विचारा, मोठीच्या येळेला विचारायला गेलेली मानसं किती येळानं परत आली?"

मला ते विचारता येईना. आणि विचारायची गरजही नव्हती. दोन हातांवरच तर होती आई. ती धाकटीच्या पायांकडे बघत बसली. बाहेर महामार्गावरून एकामागून एक ट्रक गेले. मग आई उठली, टेबलापाशी गेली, आणि लेकीच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"गाडी बोलव."

दहा-अकरा वर्षांत आई तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. तिनं रडणं वगैरे काही केलं नाही. फोन उचलला, पत्ता, महिने, रक्तदाब, सगळं स्वच्छ एका दमात सांगितलं. औषध दिलं. गाडी आल्यावर बहिणीला धरून चढवलं, आईला चढवलं. मला म्हणाली, "कुलूप लावा आणि चावी आशाताईंकडं द्या." गाडी वळताना मागच्या काचेतून मला ती दिसली. बहिणीचं मनगट हातात, नजर घड्याळावर.

अर्ध्या तासानं काका आले; बाजाराला जाणाऱ्या कुणा बाईनं वस्तीत कळवलं असावं. घामानं बंडी अंगाला चिकटलेली. "आमच्या बायका कुठं नेल्या?"

पंचवीस वर्षं मी खिडकीत बसून प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. माहीत नसेल तर बनवूनसुद्धा. त्या दिवशी म्हणालो, "सांगत नाही."

"का?"

"माझी मर्जी."

मला माझाच आवाज ओळखू येईना. काका पायरीवर बसले, आणि थोड्या वेळानं खाली बघत त्यांनी विचारलं, "वाचंल काय पोर?" तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

रोह्याच्या दवाखान्यातून धाकटीला अलिबागला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, लहानशी, पण रडली जोरात. दोघी वाचल्या.

वस्तीत बैठक बसली. आईनं माफी मागावी असं ठरलं. आईनं मागितली नाही. तिचं पान उचललं, धाकटीचंही उचललं. त्या वस्ती सोडून गेल्या नाहीत. टोकाच्या खोपटात त्यांनी वेगळी चूल मांडली, आणि धाकटीचा नवरा दोन दिवस पंगतीत जेवून तिसऱ्या दिवशी त्या चुलीपाशी येऊन बसला. त्या वर्षात वस्तीतल्या आणखी दोन बाया उपकेंद्रात आल्या. एक भिंतीशी बोलायची. दुसरी तपासणीच्या पलंगाला आपलं दुखणं सांगायची. ती दोघींना भिंतीकडे आणि पलंगाकडे बघून उत्तरं द्यायची.

पंचांचा निरोप तिलाही आला होता. मोठ्या मनानं माफ करतो, एकदा येऊन पाया पड. तिनं उत्तर पाठवलं, "माफी मागितली कोनी?"

मला वाटलं, आता ती तिथं रुजली. तर एका मंगळवारी सांगते, नागपूरला चालले. प्रसूतीच्या शुश्रूषेतली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं. हातची नोकरी सोडून.

"अगं, आता या वयात..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

ती खळखळून हसली. इतकी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. "बोला की, भाऊसाहेब! पुढं बोला!"

निरोपसमारंभ तिनं करू दिला नाही. एके सकाळी पिशवी घेऊन गेली. उपकेंद्रात आता दुसऱ्या बाई आहेत, चांगल्या आहेत. माझ्या गोळ्या मी रोह्यातच घेतो.

मंगळवारी रोह्याला तिची आई भाजी घेऊन येते. विकून झाली की आमच्या घरी येते, ओटीवर बसते. मी फोन लावून देतो. फोनला हात लावणं वस्तीच्या नियमात बसत नाही, पण आई तो दोन्ही हातांनी धरते. दोघी बोलतात. चूल, नात, पाऊस, जेवलीस काय. परवाही तसंच झालं. तिकडे तास सुरू व्हायची वेळ झाली होती. "ठेवते गो आय," ती म्हणाली, पण घाईत फोन बंद न करताच बाकावर ठेवला असावा. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी हिंदीत काही विचारलं, पोरी हसल्या. मग एका बाईंचा आवाज सुरू झाला, संथ, इंग्रजीत. आई फोन मांडीवर घेऊन ऐकत होती. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता, मलाही फारसा नाही. मी बंद करायला हात पुढे केला.

तिनं माझं मनगट धरून बाजूला सारलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वर्ग चालू हाय."